काउंटरला लावलेला कान

१. दुधासारखी नवरी

गुरुवारी संध्याकाळी, अख्ख्या हवाना शहराच्या डोळ्यांदेखत, एव्हेलियो बारिएन्तोस या माणसाची अब्रू चोरीला गेली.

चोरी कसली, त्यानंच ती पिऊन घालवली, असं नंतर पुष्कळ जण म्हणाले. पण ते नंतर.

टीव्ही येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. चाळीत एकच सेट होता, ओर्तेन्सियाकाकूंकडे. गुरुवारी 'गडबड खानावळ' लागायची वेळ झाली की त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. सगळ्यात पुढे, हक्काच्या स्टुलावर, एव्हेलियोची मुलगी झेनायदा. वय पंधरा, वेण्या दोन, मान ताठ. का नसेल? त्या खानावळीतला वेटर तिचा बाप होता! तीस वर्षं नाटकांतून लोकांना हसवत आलेला माणूस, आता काचेच्या डब्यातून घराघरात जात होता. कार्यक्रमाचा तो चौथाच गुरुवार. जे व्हायचं ते त्याच क्षणी, स्टुडिओत, जिवंत. चुकलं तरी गिळायचं आणि पुढे जायचं.

अर्धा भाग झाला. 'लुनामार' साबणाची जाहिरात आली, गेली. मग खानावळीच्या दारातून नवरी आली, दुधासारखा पांढराशुभ्र झगा घालून, गात गात. वेटर हातात ताटांची चळत घेऊन तिच्या झग्याच्या शेपटाभोवती नाचला, अडखळला, सावरला. ताटं वाचली. गाणं संपलं. वेटर काउंटरपाशी आला, तोंड उघडलं...

आणि काहीच नाही.

नुसता उभा. डोळे मोठे. एक हात काउंटरवर. मग तो वाकला आणि त्यानं काउंटरला कान लावला. सरळ झाला. पुन्हा वाकला, पुन्हा कान लावला, या बाजूनं, त्या बाजूनं, जणू लाकडात कुणीतरी राहतं. कॅमेऱ्याला कुठे बघावं कळेना. शेवटी पडद्यावर साबणाचं चित्र आलं आणि व्हायोलिनं वाजायला लागली.

ओर्तेन्सियाकाकूंच्या खोलीत सगळे हसले. सगळे म्हणजे अगदी सगळे. त्याबद्दल झेनायदाला पुढे विचार करायचा नव्हता.

शुक्रवारी शाळेत ती वर्गात शिरली, तर चाळीस मुली बाकांना कान लावून बसलेल्या.

"काय गं झेनायदा, खानावळ उघडी आहे का?"

तिचे कान इतके तापले की त्यावर अंडं तळता आलं असतं. दुपारपर्यंत बातमी पक्की झाली. कार्यक्रम बंद. कार्यक्रमाचा खर्च उचलणाऱ्या साबण कंपनीचे उर्रुतियासाहेब म्हणाले होते, "तो माणूस झिंगला होता. सोमवारी मी रेडिओवाल्यांनाही तेच सांगणार आहे." म्हणजे टीव्ही गेला, आता रेडिओही जाणार. आणि नाटकं तर टीव्हीमुळे आधीच ओस पडली होती.

घरी बाप खिडकीत बसला होता, गालांवर अजून मेकअपचे डाग.

"पापा, सांगा ना त्यांना! तुम्ही प्यायला नव्हतात!"

"कॉफी ओत, झेना."

"आई आजारी असताना तुम्ही संत लाझारोला नवस केला होता. तेव्हापासून थेंबाला शिवला नाहीत. मग गप्प का?"

एव्हेलियोनं कपाकडे पाहिलं, कपानं एव्हेलियोकडे.

"म्हणू दे दारुडा," तो म्हणाला. "दारुडा बरा."

झेनायदाच्या हातातली किटली हवेतच राहिली. दारुडा बरा? कशापेक्षा बरा?

२. बाटलीत काय होतं

शनिवारी ती उठली ती गुप्तहेर होऊनच. रिबिनी बांधल्या, पेरूची पॅटीस दप्तरात टाकली आणि स्टुडिओ गाठला. रखवालदार फर्मीन तिला ओळखत होता. तो लाकडी खुर्चीत पाय पसरून बसला होता, डोक्यावर तो प्रसिद्ध लाल दिवा, प्रक्षेपण चालू असताना लागणारा, आत्ता विझलेला.

"जा बाई आत. दिवा नाही तोवर जा. एकदा दिवा लागला की राष्ट्राध्यक्ष आले तरी मी दार उघडत नाही. आता तर मागचंही नाही."

"मागचं का?"

"मागल्या आठवड्यात एक लॉटरीवाला मागच्या कॅफेत टीव्ही बघता बघता उठला आणि त्या दारातून सरळ आत शिरला की! नवस बोलणाऱ्या आजीबाईंच्या सीनमध्ये. कॅमेऱ्यासमोर उभा राहून नंबर ओरडायला लागला." फर्मीनच्या मिशा थरथरल्या. "उर्रुतियासाहेब एवढे भडकले, गुरुवारी दुपारी हुकूम आला. दिवा लागला की दोन्ही दारांना अडसर."

झेनायदाला लॉटरीवाल्याशी कर्तव्य नव्हतं. तिच्या डोक्यात एकच नाव घुमत होतं, ओस्वाल्दो. तरणाबांड, चकचकीत केसांचा, कार्यक्रमातला नवरदेव. वेटरचं मोठं काम त्याला हवं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि पहिल्या भागात वेटर नवरदेवाबरोबर रमची बाटली उघडतो. नाटकातली रम, म्हणजे कोरा चहा. पण त्यात कुणी खरीच ओतली तर? एका घोटात नवसही मोडला आणि माणूसही! मग बाप गप्प बसणारच. कसं अगदी चपखल बसत होतं.

उपाहारगृहात ओस्वाल्दो उसाचा रस पीत होता, भोवती दहाबारा जण.

"तुम्हीच!" झेनायदा गरजली. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस होतं, ते सगळं तिनं त्या एका शब्दात ओतलं. "तुम्हीच माझ्या पापांच्या बाटलीत दारू घातलीत! त्यांची जागा हवी होती ना? लाज नाही वाटत?"

चमचे थांबले. ओस्वाल्दोनं पेला खाली ठेवला.

"इन्स्पेक्टरीणबाई," तो म्हणाला, "त्याच बाटलीतून मीही प्यायलो. अर्धी बाटली. सीनच तसा आहे. उरलेली कपडेपटातल्या अम्पारोमावशीनं घशाला म्हणून संपवली. चहा होता. साखर कमी होती, एवढीच तक्रार."

कुणीतरी फिसकन हसलं.

"पण... तुमचा फायदाच झाला ना?"

"माझा? कार्यक्रम बंद झाला, पोरी. आता मी चपलांच्या दुकानात मामाच्या हाताखाली उभा राहणार." तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते. "आणि ऐक. तुझा बाप अडकला तेव्हा मी तीन हात लांब होतो. त्याचं वाक्य मला पाठ होतं. ओठ न हलवता मी ते तीनदा म्हटलं. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही! सगळं ध्यान त्या काउंटरकडे."

झेनायदाला वाटलं, फरशीनं आपल्याला पोटात घ्यावं.

"मला माफ करा," ती पुटपुटली. सगळ्यांसमोर आरोप, तर सगळ्यांसमोरच माफी.

"केलं. बस, रस पी. या कार्यक्रमात माझं नशीबच असं. नवरी मिळाली तीसुद्धा कॉफीचा वास मारणारी. गळ्यात पडली तर वाटलं, हिला मिठी मारू की हिच्यात साखर घालू."

सगळे हसले, आणि झेनायदाची त्यातल्या त्यात सुटका झाली. पण बाहेर पडताना ती थबकली. काउंटरकडे ध्यान. काउंटरच्या आत कोण बसायचं ते तिला माहीत होतं.

३. काउंटरच्या पोटातला माणूस

निकानोरकाका, प्रॉम्प्टर. जुन्या नाटक कंपनीत रंगमंचाच्या खड्ड्यात बसून ते नटांना वाक्यं पुरवायचे, तीही अशी हलकी की पहिल्या रांगेलाही ऐकू जाऊ नयेत. तिथल्या नटांना पाठांतराची सवयच नव्हती. आठवड्याला नवं नाटक, कोण पाठ करणार? निकानोर आहे ना! टीव्हीवर आल्यावर एव्हेलियोनं हट्टच धरला, निको नसेल तर मीही नाही. मग सुतारानं खानावळीचं काउंटर पोकळ केलं, आत एक स्टूल, एक छोटा बल्ब, एक फट.

काकांच्या खोलीला मधाचा आणि लिंबाचा वास होता. घसा ही त्यांची दौलत.

"ये पोरी. एव्हेलियो कसा आहे?"

"पापा कुणाशी बोलत नाहीत. काका, तुम्ही गुरुवारी काउंटरमध्ये होतात ना?"

"मग कुठे असणार?" काका कप पुसायला लागले. कप स्वच्छ होता.

"सगळं सांगा ना."

"सांगायला काय आहे? जाहिरात संपली. नवरी आली. काय दिसत होती! ओल्या खोबऱ्यासारखी पांढरीफेक. डोळे दिपावेत. तुझा बाप ताटं घेऊन नाचला, शेपटाला तीन गिरक्या घातल्या. मग काउंटरपाशी आला. मी वाक्य दिलं. त्यानं घेतलं नाही. पुन्हा दिलं, नाही घेतलं."

"का?"

"वय, पोरी. कान गेले असतील त्याचे."

"प्यायले होते का ते?"

निकानोरकाकांचा हात थांबला. मग इतक्या खालच्या आवाजात, की तो खरंच प्रॉम्प्टरचाच आवाज होता, ते म्हणाले, "ते मी नाही म्हणणार. तसं कुणी म्हणत असेल तर... नाही, ते मी नाही म्हणणार."

आणि त्यांच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं.

झेनायदा जिना उतरली ती गोंधळूनच. आपला दोस्त बहिरा झाला म्हणून कुणी असं रडतं का? शिवाय कालच तर ती उशीत तोंड खुपसून शाळेतल्या मुलींना शिव्या घालत होती आणि बाप दुसऱ्या खोलीतून म्हणाला होता, "तोंड सांभाळ, झेना." बहिरा? त्याला मांजराचं चालणं ऐकू यायचं!

काका खोटं बोलत होते. पण त्यांच्या बोलण्यात खोट नेमकी कुठे होती?

४. अम्पारोमावशीचं पातेलं

रविवारी प्रार्थनेनंतर ती अम्पारोमावशीकडे गेली. चॅनेलचा कपडेपट मावशी सांभाळायची आणि सेटवरचे कपडे तिनं आवरून घरी आणले होते. अंगणात दोरीवर अख्खी खानावळ वाळत होती. टेबलक्लॉथ, टोप्या, वेटरचा एप्रन. एप्रन बघून झेनायदाला भरून आलं.

"मावशी, पापांचा एप्रन एवढा पिवळा का झालाय? मळला?"

"मळलाय कसला! मी मळवलाय." मावशी फिदीफिदी हसली. "अगं, पांढरं काही त्या कॅमेऱ्यासमोर नेलं की तो आंधळाच होतो. नुसता भगभगीत डाग. म्हणून पांढरं दिसायचं ते सगळं मी आधी कॉफीत बुडवते. हे पातेलं बघ. आत पिवळट, पडद्यावर दूध! फार कशाला, लुनामारच्या जाहिरातीत धुऊन निघतो ना तो शुभ्र ब्लाउज? तोही माझ्याच पातेल्यातला. उर्रुतियासाहेबांनी शपथ घातलीय, कुठे बोलू नको. तूही बोलू नको."

झेनायदा हसली. मग हसता हसता तिची नजर दोरीच्या टोकाकडे गेली. तिथे एक लांबच लांब शेपटाचा झगा लटकत होता. दुधाळ चहाच्या रंगाचा.

"हा... नवरीचा?"

"तोच. गुरुवारी ऐनवेळी आला मेला. तालमी सगळ्या साध्या कपड्यांत झालेल्या. जाहिरात चालू असताना पातेल्यातून काढला तसा ओलाच चढवला बिचारीला. स्टुडिओभर कॉफीचा घमघमाट!"

म्हणून ओस्वाल्दोला साखर घालावीशी वाटली होती.

झेनायदानं झग्याचं ते लांब टोक हातात धरलं. झग्याची शेपटी काउंटरच्या फटीसमोरून गेली होती, काकांच्या नाकापासून हातभर अंतरावरून. आणि काकांना दिसलं काय? ओलं खोबरं. तिला स्वतःला दिसलं होतं दूध. पण ती तर ओर्तेन्सियाकाकूंच्या खोलीत, टीव्हीसमोर बसली होती!

तो झगा पांढरा फक्त एकाच जागी होता.

५. खानावळीतली शेवटची बैठक

सोमवारी दुपारी सेट मोडणार होते. आपापलं सामान न्यायला सगळे येणार आणि उर्रुतियासाहेबही तिथूनच रेडिओवाल्यांकडे जाणार. झेनायदानं बापाला "तुमचे बूट राहिलेत" म्हणून ओढत नेलं. बाप मान खाली घालून चालला होता. ती मात्र आतून उसळत होती. सापडलं होतं तिला! आता सगळ्यांची तोंडं बंद होणार होती, अख्ख्या वर्गाचीसुद्धा.

"साहेब, दोन मिनिटं," ती खानावळीच्या मधोमध उभी राहून म्हणाली. "माझे पापा प्यायले नव्हते. मी सिद्ध करते."

"ही कोण?" उर्रुतियासाहेबांनी टोपी सावरली.

"इन्स्पेक्टर आहे," ओस्वाल्दो म्हणाला. "जपून बोला. मला एकदा अटक झालीय."

"ओस्वाल्दोदादा, नवरीचा झगा कसा होता?"

"कॉफीचा मळका रुमाल."

"अम्पारोमावशी?"

"मीच बुडवलेला. पिवळट."

"निकानोरकाका, तुम्ही मला काय सांगितलंत? ओल्या खोबऱ्यासारखा." काकांनी डोळे मिटले. "त्या झग्याला कॉफीचा एवढा वास येत होता आणि तुम्हाला तो आलाच नाही. कारण टीव्हीला वास येत नाही. टीव्हीवरच तो पांढरा होता. नवरी आली तेव्हा तुम्ही काउंटरमध्ये नव्हतात. मागच्या कॅफेत होतात. तिथे टीव्ही आहे. फर्मीनकाका, दिवा लागल्यावर मागचं दार?"

"अडसर," फर्मीन म्हणाला. "पहिल्यांदाच. त्याच दिवसापासून."

"म्हणजे काका जाहिरात चालू असताना, दिवा विझला होता तेवढ्यात, बाहेर गेले. नेहमीसारखं मागच्या दारानं परत येऊ म्हणाले, तर दार बंद. आत पापांना वाक्य द्यायला कुणीच नाही. ते काउंटरला कान लावत होते ते दारूनं नव्हे, तर काकांचा आवाज कुठे गेला म्हणून!"

ओस्वाल्दोनं हळूच टाळी वाजवली. झेनायदाची मान सारसासारखी उंच झाली.

"खरं आहे," निकानोरकाका म्हणाले. "सगळं खरं आहे. मी दार वाजवलं नाही. पडदा वर असताना आम्ही दार वाजवत नाही. मी त्या दाराला तोंड लावून उभा राहिलो आणि सगळी वाक्यं म्हटली. एकही गाळलं नाही. म्हटलं, फटीतून एखादं तरी आत जाईल."

अम्पारोमावशीनं नाकाला पदर लावावा तसा सोबत आणलेला नवरीचा झगाच लावला.

"पण गेलास का?" उर्रुतियासाहेब कडाडले. "काम सोडून कॅफेत? अरे, तुझ्यामुळे या माणसाला मी..."

"त्याला काही बोलू नका." हे एव्हेलियो म्हणाला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज खोलीभर पसरला. "मी पाठवलं त्याला."

झेनायदाची मान जिथे होती तिथेच राहिली.

"तुम्ही?"

"गाणं चालू असताना मला वाक्य नव्हतं. नुसता ताटांचा नाच. म्हटलं, निको, तेवढ्यात जा, बघून ये." एव्हेलियो रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होता. "तीस वर्षं मी लोकांच्या हसण्यावर पाऊल टाकत चाललो. हसले की पुढचं वाक्य, नाही हसले की वेगळं काही. इथे काय आहे? तीन कॅमेरे आणि माणसांना ताकीद, आवाज करायचा नाही. मी पडतो, धडपडतो, आणि समोर नुसती शांतता. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं. मला एवढंच हवं होतं, लोक हसतात का. चांगल्या वयाचा माणूस मी, आणि त्यासाठी कार्यक्रम बुडवला. हे सांगण्यापेक्षा दारुडा बरा."

"पण मी सांगत होते ना!" झेनायदा म्हणाली. "दर गुरुवारी! पहिल्याच आठवड्यात सांगितलं, हसून हसून ओर्तेन्सियाकाकूंची खुर्ची मोडली. मग सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या आजोबांना हसताना उचकी लागली. तिसऱ्यांदा..."

ती थांबली.

बाप तिच्याकडे बघत होता. रागानं नव्हे. त्यालाच कुणीतरी पकडलं असावं तसा.

"ओर्तेन्सियाची खुर्ची," तो हळूच म्हणाला, "मी तेव्हा दुसऱ्याच दिवशी बघितली. त्याच खुर्चीवर बसून ती वाटाणे सोलत होती."

खुर्ची मोडली नव्हती. आजोबा तर पहिल्याच जाहिरातीत झोपी जायचे. त्या खोलीत पहिले तीन गुरुवार कुणी हसलं नव्हतं. बघत होते सगळे, आ वासून, काचेच्या डब्यातल्या चमत्काराकडे बघतात तसे. पण हसू? नाही. आणि ती दर वेळी जिना चढता चढता बापासाठी हशा तयार करायची, जरा मोठा, मग अजून मोठा. चार हास्यं पुरली असती, तिनं खुर्च्या मोडल्या.

झेनायदानं किती हुशारीनं सगळे धागे जोडले होते, आणि दोरीचं टोक येऊन तिच्याच वेणीला बांधलेलं निघालं.

"मग, निको?" एव्हेलियोनं विचारलं. चार दिवस विचारलं नव्हतं, ते आत्ता, सगळ्यांसमोर. "हसले का?"

निकानोरकाका बुटांकडे बघत राहिले. "ताटांच्या वेळी नाही," ते म्हणाले. "मी थांबलो जरा. म्हटलं, आता हसतील. म्हणून तर उशीर झाला. पण दाराशी उभा होतो तेव्हा मागून कॅफेतून एकदम हशा आला. एवढा मोठा! एव्हेलियो, मला इतका आनंद झाला. म्हटलं, जमवलं बघ गड्यानं, माझ्याशिवायही जमवलं."

तो हशा कशाचा होता, हे त्या खानावळीतल्या प्रत्येकाला कळलं. कुणी कुणाकडे बघेना. उर्रुतियासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

"मी रेडिओवाल्यांना सांगतो, तो पूर्ण शुद्धीत होता," ते घसा खाकरून म्हणाले. "मी चुकीचं बोललो."

"दार बंद होतं, हेही सांगा," अम्पारोमावशी म्हणाली. "आणि हुकूम तुमचा होता, हेही. नाहीतर माझ्या पातेल्याला तोंड फुटेल."

साहेबांचा चेहरा कॉफीत बुडवल्यासारखा झाला. "सांगतो," ते म्हणाले.

६. बसच्या रांगेत

अब्रू परत मिळाली. दोघं बसथांब्यापर्यंत चालत आले. एव्हेलियोच्या काखेत बूट होते, झेनायदाच्या काखेत एप्रन. रांग लांब होती. ऊन उतरलं होतं.

"मी आता खरं सांगत जाईन," झेनायदा म्हणाली. आवाज असा, की वक्तृत्वाचं बक्षीस परत मागावं.

"सांग मग."

"काय?"

"तू कधी हसलीस का? खरं."

तिला कळलं होतं तो हे विचारणार. चार दिवस ती याच प्रश्नापासून पळत होती. शाळेतल्या मुलींना शिव्या घातल्या, ओस्वाल्दोवर धावून गेली, काकांना रडवलं. हे एक सांगावं लागू नये म्हणून तिनं सगळ्या शहराला गुन्हेगार ठरवलं असतं.

"एकदा," ती म्हणाली. "गुरुवारी. तुम्ही काउंटरला कान लावलात तेव्हा. सगळे हसले आणि मीही हसले. मला माहीत होतं काहीतरी बिनसलंय. तुमचे डोळे दिसत होते मला. तरी हसले, पापा. थांबताच येईना."

बस आली, भरली, गेली. रांग दोन पावलं सरकली.

"पहिल्यांदा लावला तेव्हा हसलीस," त्यानं विचारलं, "की दुसऱ्यांदा?"

"हं?"

"कान. पहिल्यांदा की दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा." तिनं नाक पुसलं. "पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा तुम्ही बाजू बदललीत ना, तेव्हा."

"बाजू बदलल्यावर," एव्हेलियो स्वतःशीच म्हणाला. "अस्सं."

त्यानं बूट तिच्या हातात दिले. मग अगदी गंभीरपणे, जणू कुणी बोलावलंय, तो बसथांब्याच्या लोखंडी खांबाकडे वळला आणि त्याला कान लावला. थांबला. भुवया वर. सरळ झाला, रांगेकडे एकदा दिलगीर नजरेनं पाहिलं, आणि पलीकडे जाऊन खांबाला दुसरा कान लावला.

रांगेत पिशवी घेतलेल्या एका जाड्या बाईंच्या तोंडून हसू फुटलं. मग त्यांच्या मागच्या माणसाच्या. मग आणखी कुणाच्या.

"अहो," बाई म्हणाल्या, "हे तर ते... त्या खानावळीतले!"

झेनायदानं बूट आणि एप्रन छातीशी घट्ट धरले. तिला मान वर करवेना. खाली बघूनच तिनं सगळं ऐकलं, आणि तिला माहीत होतं, खांबाला कान लावून तिचा बापही ते ऐकत होता.